साळूबाईची जबानी

पुराव्याच्या कायद्याचा तास दुपारी दोनला असायचा. मेसचा भात पोटात आणि वर कुरकुरणारा पंखा, त्यामुळे अर्धा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असे. मीही एरवी त्या झोपणाऱ्यांतलाच. पण त्या शुक्रवारी सकाळीच वसतिगृहाच्या पत्त्यावर सेशन कोर्टाचं समन्स आलं होतं. मंगळवारी अकरा वाजता शिवाजीनगरला साक्षीसाठी हजर राहावे. त्याची घडी शर्टाच्या खिशात होती आणि तिच्यामुळे मी जागा होतो. भीती नव्हती. खरं सांगायचं तर तोराच होता. दुसऱ्या वर्षाच्या दीडशे पोरांत खऱ्याखुऱ्या खुनाच्या खटल्यात साक्ष द्यायला जाणारा मी एकटा, आणि तोही वेल्ह्याच्या डोंगरातून आलेला, ज्याचं इंग्रजी ऐकून पहिल्या वर्षी मागच्या बाकावरून मुद्दाम खोकल्याचे आवाज यायचे. सकाळपासून चार जणांना समन्स दाखवून झालं होतं. सरांनी फळ्यावर बत्तीस हा कलमाचा आकडा लिहिला, खडूची बोटं कोटाला पुसली आणि मृत्युपूर्व जबानी शिकवायला घेतली. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही असं कायदा धरून चालतो, म्हणून शपथ नसली, उलटतपासणी नसली तरी त्याचे शब्द कोर्ट ऐकतं. एवढं मला पाठ होतं. "ती लिहून घेणारा मात्र मरणाच्या दारात नसतो," सर म्हणाले. "त्याच्याकडे नीट बघा. पोलिसापेक्षा शिकलेल्या माणसाला जास्त भ्या. पोलीस भलतं लिहितो तेव्हा निदान त्याला ते ठाऊक असतं."

वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या बाकावरून पद्मजा उठली. भोरच्या एका वकिलांची ही मुलगी, हिला दर तासाला एक तरी शंका यायची आणि आम्ही ती येण्याची वाट बघायचो. "सर, बाई बोलूच शकत नसेल, नुसती मान हलवत असेल तर?" सरांनी तिच्याकडे बघितलं, मग उगाचच माझ्याकडे बघितलं, म्हणजे मला तसं वाटलं, आणि म्हणाले, "तर विचारलेला प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. मान कशी हलवली ते लिहायचं. आणि गप्प बसायचं. मानेचं वाक्य करायचं नाही." पुढे ते आणखी काय काय बोलले, मला सांगता येणार नाही. पंखा ऐकू येत होता. खिशातल्या समन्सची घडी छातीला लागत होती. मी मानेचं वाक्य केलं होतं. एक नव्हे, सहा केली होती, स्वच्छ, शुद्ध, फुलस्केप कागदावर, समास सोडून. त्या सहा वाक्यांच्या जोरावर गेनबातात्या नऊ महिने येरवड्याच्या तुरुंगात होता.

गेनबातात्या आमच्या वाड्यातला, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतला. नात्याने दूरचा, पण मला कळायला लागलं तेव्हापासून तात्याच. ओढ्याला पाणी असलं की शाळेपर्यंत मी त्याच्या खांद्यावरून जायचो. पुण्याला निघालो त्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक त्यानेच डोक्यावर घेऊन वेल्ह्याच्या एसटीपर्यंत आणली होती, आणि गाडी सुटताना खिडकीशी येऊन हळूच विचारलं होतं, "वसंता, वकील झाल्यावर काळा कोट रोज घालाया लागंल का रं? उनात लई उकडंल." त्याचा धाकटा भाऊ वारला तेव्हा भावाची बायको साळूकाकी आपल्या वाट्याचं भाताचं खाचर एकटी करू लागली. दोघांची खाचरं एकाला एक लागून, मध्ये एकच बांध. त्या बांधावरून दर उन्हाळ्यात दोघांचं वाजायचं. उन्हाळ्यातच, कारण तेव्हा राब भाजायचे दिवस असतात. भाताचं बी टाकायच्या तुकड्यावर शेण, पाचोळा, तोडून वाळवलेल्या फांद्यांचं कवाळ पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवून द्यायचं. आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं तरी कवाळ कुणाच्या तरी बांधावर येतंच. गेल्या वर्षीच्या मेचा पहिला आठवडा असेल. जयंती होऊन तीन आठवडे झाले होते, समाजमंदिरावर निळ्या पताका अजून तशाच होत्या. जयंतीला मी भाषण केलं होतं. कायदा हेच आपलं हत्यार, असं काहीतरी. टाळ्या पडल्या होत्या आणि त्या माझ्या डोक्यातून अजून उतरल्या नव्हत्या. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आलो होतो, वाड्यातली म्हातारी माणसंसुद्धा मला वकील म्हणून हाक मारत होती, आणि मी लाजल्यासारखं करून ओ देत होतो.

त्या सकाळी दोघांचं भांडण मी अंगणातून ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. "हितनं कवाळ उचल, न्हाईतर समदं जाळून टाकीन," असं तात्या ओरडला होता. त्यानंतर अर्ध्या तासाने किंकाळी आली. आम्ही पळत गेलो तेव्हा साळूकाकी बांधाखाली पडली होती, तात्याची घोंगडी तिच्या अंगावर होती, आणि तात्या शेजारी उकिडवा बसून आपले दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरून बघत होता. ते भाजले होते. विझवताना भाजले, तो म्हणाला. ढकलताना भाजले असतील, असं कुणीतरी माझ्यामागे म्हणालं, आणि ते वाक्य माणसामाणसांतून पुढे सरकत गेलं. काकीला बाजेवर घालून समाजमंदिराच्या ओट्यावर आणलं. एसटी दुपारशिवाय नव्हती, वेल्ह्याकडे माणूस पळवला होता, पण ती तोवर राहणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. गावातून पोलीस पाटील आले. सर्जेराव पाटील, सरळ माणूस, त्यांच्याविरुद्ध आजही माझ्याकडे बोलायला काही नाही. त्यांनी काकीकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली, आणि माझ्याकडे वळले. "वकील, कागद आन. हिचा जबाब तू लिव. म्या लिवला तर उद्या कोरट म्हनंल, पाटलानं घुसाडलं. तू त्यांच्यातला, आन वर कायदा शिकलेला. तुला कोन नाव ठेवंल?" मी धावत घरी गेलो. धावताना मला दुःख होत होतं, हे खरं आहे. पण फुलस्केप कागद शोधताना, पेनात शाई आहे का बघताना, त्या दुःखाच्या खाली एक दुसरंच काहीतरी होतं. ते मी इतके दिवस स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. मला आनंद झाला होता.

मी पहिल्या वर्षात करार शिकलो होतो, रोमन कायदा शिकलो होतो. पुरावा दुसऱ्या वर्षाला असतो. एवढी एक गोष्ट त्या ओट्यावर मी बोललो असतो तर? पण नवीन नवरा ज्या ऐटीत पाटावर बसतो त्या ऐटीत मी बाजेशेजारी बसलो आणि वाड्यातल्या चाळीस माणसांदेखत टोपण काढलं. काकीचे ओठ सुजले होते. ती पाणी म्हणाली. आईने चमच्याने पाणी घातलं. मग ती "पदर" म्हणाली. थांबून पुन्हा म्हणाली, "पदर." आईने तिच्या छातीवर धडोतं सारखं केलं, तिला लाज वाटत असेल म्हणून. मीही तेच समजलो. कागदावर मी तारीख आणि वेळ टाकत होतो. मग मी तिच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, "साळूकाकी, गेनबातात्यानं ढकललं का?" असंच विचारलं. काय झालं, असं नाही. कसं पेटलं, असं नाही. चाळीस माणसं त्या क्षणी जे मनात म्हणत होती ते मी मोठ्याने म्हणालो, आणि तिची मान हलली. वर-खाली हलली असं मला वाटलं. वेदनेने आधीही हलत होती, पण ती मी बघितली नव्हती, कारण तेव्हा मी तारीख टाकत होतो. मी वर बघितलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी लिहायला लागलो. 'मी साळूबाई, पूर्ण शुद्धीवर असून लिहून देते की, आज रोजी सकाळी राब पेटविला असता माझा दीर गेनबा याने बांधाच्या भांडणावरून माझ्याशी तंटा केला व मला पाठीमागून जळत्या राबात ढकलून दिले.' असा सहा वाक्यांचा मजकूर. पाठीमागून हा शब्द कुठून आला, मला माहीत नाही. वाक्याला तो हवा होता. तो घातल्याबरोबर वाक्य भारदस्त झालं. पदर मी लिहिलाच नाही, त्याला त्या मजकुरात कुठे जागाच नव्हती. हात भाजलेले म्हणून ठसा पायाचा घेतला. तिच्या डाव्या पायाचा अंगठा मी माझ्या पेनच्या शाईने निळा केला. तो पाय कुठेच भाजला नव्हता. शेजारच्या बोटावर जोडव्याचा जुना गोरा पट्टा अजून होता. अंगठा कागदाला लावताना तो मला गार लागला, आणि मी तो नीट, न फरकटू देता लावला.

दुपारची एसटी यायच्या आत ती गेली. फौजदार आले, पंचनामा झाला, तात्याला नेलं. भोरच्या मॅजिस्ट्रेटसमोर पहिली सुनावणी झाली तेव्हा मला तिथे उभं केलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. कागद दाखवला, मी म्हणालो, अक्षर माझं, मजकूर तिनं सांगितला तसाच. दोन मिनिटांत उरकलं. बाहेर चहा पिताना एका कारकुनाने माझी पाठ थोपटली. उत्रोलीचे होते ते, म्हणाले, "तुमच्यासारखी पोरं गावोगाव पायजेत." मी तो सगळा दिवस मनात जपून ठेवला होता. आता त्या दिवसाकडे बघायची हिंमत होत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात जाऊन मी पुस्तकं काढली, आणि जी कलमं परीक्षेसाठी घोकत होतो ती माझ्यावर रोखलेली सापडली. शपथेवर खोटी साक्ष, सात वर्षांपर्यंत. एका कोर्टात एक आणि दुसऱ्या कोर्टात दुसरं बोललं, तर दोन्हींतलं खोटं कुठलं हे शोधायचीही गरज नाही. सनद मिळणार नाही. शिष्यवृत्ती जाईल. आणि मंगळवारी नुसतं 'हो' म्हटलं तर यातलं काहीच होणार नाही. मला काहीच होणार नाही. फक्त तात्याला फाशी किंवा जन्मठेप. पुस्तकात या दोन्ही शिक्षांचे शब्द एका ओळीत शेजारी शेजारी बसले होते, मध्ये एक 'किंवा' घेऊन.

शनिवारी सकाळची एसटी पकडून मी घरी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी मला काहीतरी सांगेल आणि माझं माझ्यापुरतं सुटेल, असं वाटलं असावं. नसरापूरला गाडी हायवे सोडून आत वळली आणि कामथडीचा एक माणूस फाट्यावर उतरताना दुसऱ्याला म्हणाला, सेशनला आता कुनी सुटत न्हाई. तो कशाबद्दल बोलत होता देव जाणे. मी पुढचे दोन तास खिडकीच्या गजाला धरून बसलो. वेल्ह्याच्या स्टँडवर सर्जेराव पाटील भेटले. त्यांनी दुरूनच हात वर केला. "वकील, मंगळवार ध्येनात हाय न्हवं? म्या पन येनार हाय. आरं, तुज्यामुळं त्या बाईला न्याव मिळतोय. कुनी न्हवतं तिला." मी हसलो. माणसाला कुठल्याही वेळी हसता येतं, ही गोष्ट मला तेव्हा फार किळसवाणी वाटली. गावाकडे चालत निघालो तर डोंगरउतारावर माणसं कवाळ तोडत होती. कोयत्यांचे आवाज येत होते. पुढच्या राबाची तयारी. साळूकाकीचा तुकडा तसाच होता. त्यावर बी पडलं नव्हतं, पाऊस येऊन गेला तरी त्याचा काळेपणा गेला नव्हता. मी बांधावर उभा राहिलो. वारा खालून वर येत होता. वाऱ्याकडे पाठ करून, वाकून, फांदीने विस्तव सारखा करणारी बाई मी डोळ्यांसमोर आणली. पदर कमरेला खोवलेला असतो. फांद्या ओढताना तो सुटला असेल. वाऱ्याने पुढे गेला असेल. तिला तेच सांगायचं असेल. किंवा तात्याने पदराला धरून ओढलं असेल आणि तिला ते सांगायचं असेल. दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं, एकाच उजेडात, आणि दोन्हीत तात्याचे तळहात होते.

आबा, म्हणजे माझे वडील रामभाऊ, अंगणात कवाळाच्या मोळ्या बांधत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ते मोळी बांधत राहिले, मधे एकदा फक्त दोर दाताने ओढला. मग म्हणाले, "तात्यानं ढकललं न्हाई, ह्ये तुला म्हाईत हाय?" मी म्हणालो, नाही. "ढकललं, ह्ये म्हाईत हाय?" नाही. "मंग तू कोन सांगनार? दोनी बाजूनं तुला म्हाईत न्हाई, तर लिवलंय ते ऱ्हाऊ दे. येक घर तर बुडालंच हाय. त्यात आपलं कशापायी घालायचं?" ते रागावून बोलत नव्हते. बारा वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडून मला शिकवलं होतं, आणि पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा किकवीच्या बहिणीकडे चालत जाऊन पेढे दिले होते. माझ्या हातातून काय जाणार होतं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी आबांचा राग राग केला त्या क्षणी, आणि लगेच मला कळलं की मी त्यांच्याकडून हेच ऐकायला आलो होतो. आई चुलीपाशी होती. ती आतूनच म्हणाली, "ती पदर म्हनली व्हती. म्या आयकलं." एवढंच. आम्ही दोघंही तिच्याकडे बघू शकलो नाही.

निघताना ज्या गोष्टीला मी भीत होतो ती झालीच. धोंडाकाकी, तात्याची बायको, वाटेवर उभी होती. हातात कापडात बांधलेले तांदूळ. वाळली होती. मला वाटलं ही आता पाया पडेल, शिव्या देईल, काहीही करेल, आणि ते बरं होईल. तिने तांदळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "मंगळवारी तितं येनार हाईस न्हवं? तुज्या तात्याला ह्ये देता आलं तर दे. तितला भात त्यास्नी गोड लागत न्हाई." मी म्हणालो, काकी, तुरुंगात असं देऊ देत नाहीत. "मंग तू खा," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू कशाला वाईट वाटून घेतोस? ती बोलली ते तू लिवलंस. तुजा काय दोस? शिकलेल्या मानसानं खोटं कसं लिवायचं?" मी त्या वाटेवरून उतरलो तो जवळजवळ पळत. ते तांदूळ आजही माझ्या अंगावर आहेत असं वाटतं. पुण्यात आल्यावर मी ते खोलीतल्या ट्रंकेत ठेवले. त्याच ट्रंकेत, जी तात्याने डोक्यावरून आणली होती.

सोमवारी सरकारी वकिलांनी बोलावलं. कोर्टाच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती, फायलींनी भरलेली, आणि त्यांचा आवाज मऊ होता. माझा कागद त्यांच्यासमोर होता. इतक्या दिवसांनी मी तो बघितला. माझंच अक्षर, आणि खाली तो निळा अंगठा, इतका स्वच्छ की त्यावरच्या रेघा मोजाव्यात. "वीस वर्षांत इतकी चांगली जबानी मी बघितली नाही," ते म्हणाले. "तारीख, वेळ, शुद्धीवर असल्याचा उल्लेख, सगळं जागच्या जागी. बाकी केसमध्ये फार दम नाही, बघितलेलं कुणी नाही. हा कागद म्हणजेच केस. उद्या फक्त घाबरू नका. समोरचे वकील विचारतील, पाठीमागून ढकललं तर तिला कसं कळलं कोणी ढकललं. तुम्ही म्हणायचं, तिनं सांगितलं ते मी लिहिलं. पुढे जायचंच नाही." मी तोंड उघडलं. आत्ता, असं मी स्वतःला म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "सनद घेतलीत की माझ्याकडे या. अशी माणसं हवीत." माझं उघडलेलं तोंड 'थँक्यू सर' म्हणालं. बाहेर येऊन मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. आजूबाजूला काळे कोट जात-येत होते, ऊन चांगलं तापलं होतं, आणि मला तात्याचा प्रश्न आठवला. रोज घालावा लागतो, तात्या. उकडतं.

मंगळवारी मी पावणेअकरालाच तिथे होतो. सर्जेराव पाटील आले होते, आबाही आले होते, ते मला न सांगता आले होते आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तात्याला आणलं. तुरुंगातल्या कपड्यात तो लहान दिसत होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून त्याने सगळीकडे बघितलं, मग मला बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला. मी या जन्मात तो चेहरा विसरणार नाही. त्याला अभिमान वाटला होता. एवढ्या मोठ्या कोर्टात आपल्या वाड्यातला पोरगा साक्षीदार म्हणून उभा आहे, त्याला बघून बाजूचा शिपाईसुद्धा जरा सरकून उभा राहतो आहे. पिंजऱ्याच्या कठड्यावर तात्याचे दोन तळहात होते, गुलाबी, सुरकुतलेले, नवीन कातडीचे. मला शपथ दिली. माझं नाव, वय, शिक्षण विचारलं. माझी उत्तरं जज्जसाहेब इंग्रजीतून सांगत होते आणि खाली टायपिस्ट ठोकत होता. माझं एकेक वाक्य तिकडे जाऊन दुसरंच होऊन कागदावर बसत होतं. कागद माझ्या हातात दिला. अक्षर माझं का? हो. सही माझी का? हो. मग सरकारी वकील आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "आणि हा मजकूर मयत साळूबाईनं तुम्हाला सांगितला तसाच तुम्ही लिहिला आहे?"

आबांचं खोकणं ऐकू आलं. कागदावरचा निळा अंगठा दिसत होता. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता आणि डोक्यात फक्त एवढंच चाललं होतं की हे लवकर संपावं, कुणीतरी पुढचा प्रश्न विचारावा. टायपिस्टने ठोकणं थांबवलं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि जरा त्रासून म्हणाले, "मान हलवू नका. तोंडानं सांगा. मान टाइप होत नाही."

म्हणजे माझी मान हलली होती. मी ती हलवली नव्हती. घाम पुसायला, किंवा हे संपावं म्हणून, किंवा कशासाठीच नाही, ती आपणहून हलली होती, आणि सरकारी वकील तेवढ्यावर समाधानाने खाली बसायलाही लागले होते. माझ्या मानेचं वाक्य त्यांनी केलं होतं. मी कठडा धरला. समाजमंदिराच्या ओट्यावरची बाज मला दिसली, तिच्या छातीवरचं ते चुरगळलेलं धडोतं दिसलं, आणि तारीख टाकणारा मी दिसलो.

"ती दोन शब्द बोलली, साहेब," मी म्हणालो. "पाणी आणि पदर. बाकीचं सगळं माझं आहे."

"बाकीचं म्हणजे?"

"गेनबाचं नाव मी घेतलं. तिची मान हलली. पाठीमागून हे मी घातलं."

सरकारी वकील उठून काहीतरी बोलत होते, साक्षीदार फितूर झाला आहे, असं काहीतरी, त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. जज्जसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "भोरच्या कोर्टात तुम्ही शपथेवर उलट सांगितलं आहे," ते म्हणाले. "कायदा शिकता ना तुम्ही? याचा परिणाम ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग मला एक सांगा. त्या बाईला कुणी ढकललं होतं की नव्हतं?"

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो. "ते तिला माहीत होतं. मी तिला विचारलंच नाही."

टायपिस्ट पुन्हा ठोकायला लागला. मागच्या बाकावरून आबा उठून बाहेर गेल्याचं मला न बघताही कळलं. सर्जेराव पाटलांनी टोपी काढली आणि परत घातली. मी पिंजऱ्याकडे बघितलं. तात्याच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान गेला होता, आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते मी पुष्कळ बघितलं तरी मला वाचता आलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने कठड्यावरचे दोन्ही तळहात उचलले, डोळ्यांसमोर धरले, आणि त्याची मान हळूहळू हलली.

कशी हलली ते मी कुठेही लिहिणार नाही.